शंकेची खूण

४ सप्टेंबर २०२३, सोमवार

सकाळी चहा घेऊन बसलो, लॅपटॉप उघडला आणि पाहतो तर चौऱ्याण्णवाचे एकसष्ट झालेले. आधी वाटलं, चष्मा नाही म्हणून असं दिसतंय. चष्मा लावला. एकसष्टच.

हे टक्के कसले ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर पुढेमागे मलाच माझी वही कळायची नाही. सीडर नावाची संगणकाची एक भाषा आहे, प्रोग्राम लिहायची. ती कशी वापरायची हे सांगणारी इंग्रजी पुस्तिका संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते, आणि गेली सहा वर्षं मी ती मराठीत आणतो आहे. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, की सकाळी लोकांच्या कुंपणावरची फुलं तोडत हिंडण्यापेक्षा हे बरं. एकूण सहा हजार दोनशे वाक्यं. त्यातली चौऱ्याण्णव टक्के झाली होती. दसऱ्याला शंभर करून बायकोला, अंबिकाला, पेढे आणायला लावायचे असा बेत होता. तिचं म्हणणं, सहा वर्षांत एवढं टायपिंग केलंत त्यात घराला दोनदा रंग देऊन झाला असता.

आता सीडरची चौथी आवृत्ती येते आहे. भाषा बदलली म्हणून तिची इंग्रजी पुस्तिका बदलली. आणि इंग्रजी वाक्यातला एक शब्द जरी हलला, तरी त्याखालच्या मराठी वाक्यावर यंत्राचा विश्वास उडतो. ते पुसलं जात नाही. त्याच्यापुढं एक पिवळी शंकेची खूण लागते, मोजणीतून ते बाद होतं आणि वाचकाला तिथं इंग्रजी दिसायला लागतं. अशा दोन हजार पिवळ्या खुणा आज सकाळी माझ्यासमोर होत्या.

बरोबर मेलही आहे. दहा ऑक्टोबरला नवी आवृत्ती जाहीर होणार. त्या दिवशी जी भाषा ऐंशी टक्क्यांच्या खाली असेल ती संकेतस्थळाच्या यादीतून काढतील. म्हणजे तिथं मराठी असा शब्दच उरणार नाही. छत्तीस दिवस आहेत.

चहा गार झाला तो तसाच प्यायलो.

५ सप्टेंबर, मंगळवार

शिक्षक दिन. एकतीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांपैकी एकाचाही फोन नाही. आला तो द्वारकाचा, जिला मी वर्गात कधी शिकवलेलं नाही.

द्वारका वैजापूर तालुक्यातली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. नवरा पुंजाराम मार्केट यार्डात कांद्याच्या मापावर असतो. दोन वर्षांपूर्वी तिला फोनवर माझी मराठी पानं सापडली आणि तळाशी माझा पत्ता होता म्हणून तिनं मेल केला. तेव्हापासून आठवड्याला फोन असतो. दुपारची जेवणं झाली की ती ओसरीवर बसते आणि एकेक प्रकरण मोठ्यानं वाचते. समोर तिच्या सासूबाई, सारजाबाई, वाती वळत ऐकतात. त्यांना अक्षरओळख नाही, पण सुनेनं एखादी ओळ गाळली की लगेच म्हणतात, मागचं राहिलं. वाचन संपलं की दोघी फोनला हात लावून नमस्कार करतात. मी 'प्रकरण' लिहिलं आहे, त्या 'अध्याय' म्हणतात. पुस्तिकेला तर पोथीच म्हणतात. मी आधी हसायचो. आता मलाही तसं आवडायला लागलंय, हे कबूल करायला हरकत नाही.

आज सांगत होती, फॉर्म भरला. चिकलठाण्यातल्या एका कंपनीची परीक्षा आहे, एकोणतीस ऑक्टोबरला. कागदावर लिहायची, संगणक नाही. बारा जागा. वयाची अट अठ्ठावीसची आणि हिला बारा नोव्हेंबरला अठ्ठावीस पूर्ण होतात. लागली तर दोघं इकडं शहरात राहायला येणार. पुंजारामनं मुकुंदवाडीत खोलीसुद्धा बघून ठेवली आहे. फॉर्मवर छापलंय: सीडर, आवृत्ती चार.

"ह्या टायमाला नाय झालं तर मग नाय, सर," ती म्हणाली. "इंग्रजी मला नाय उमजत. तुमचं मराठी हाय म्हणून मी इथवर आले. दहा तारखेला नवीन पोथी येईल ना?"

मी म्हणालो, येईल. एकसष्ट टक्क्यांचं काही बोललो नाही. पोरीच्या जिवाला घोर कशाला.

९ सप्टेंबर, शनिवार

रोज तेहेतीस वाक्यं व्हायला हवीत. होतात अठरा. परवा तेवीस झाली तेव्हा स्वतःवर खूश होऊन बाहेर जाऊन इमरती खाऊन आलो आणि त्यात दोन वाक्यांचा वेळ गेला.

मुकुंदला फोन केला. माझाच विद्यार्थी. सुरुवातीला हे काम आम्ही दोघांनी मिळून उचललं होतं. आता तो पुण्याला आहे, मोठ्या हुद्द्यावर. त्याच्याकडून वाक्यं मागायची नाहीत असं ठरवूनच फोन केला होता, तरी मागितली. तो म्हणाला, सर, खरंच वेळ नाही. मग मला वाईट वाटू नये म्हणून एक युक्ती सांगितली: बहुतेक बदल फालतू असतात, इंग्रजीत स्वल्पविराम हलवलेला असतो, त्याच्याखालचं मराठी जसंच्या तसं चालतं. सगळी पिवळी वाक्यं निवडायची आणि 'मान्य' दाबायचं. दोन मिनिटांचं काम.

मी त्याला बऱ्यापैकी झापलं. म्हटलं, यजमान जसा गुरुजी सांगतील तिथं मम म्हणतो तसं मला करायला सांगतोस काय. आमच्या घरात चार पिढ्या गुरुजींच्या बाजूनं बसल्या, यजमानाच्या बाजूनं नाही. तो हसला आणि बैठक आहे म्हणून फोन ठेवला.

क्रम ठरवला. पहिल्या प्रकरणापासून सरळ जायचं. 'या आवृत्तीत काय बदललं' हे तीनशे वाक्यांचं पान अगदी शेवटी. ते कोण वाचतं?

१७ सप्टेंबर, रविवार

मुक्तिसंग्राम दिन. पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून शहरात मोठी धामधूम आहे. आम्ही कॉलनीतलं झेंडावंदन केलं. शहराचं नाव बदललं, या आठवड्यात जिल्ह्याचंही बदललं. संकेतस्थळावरच्या माझ्या ओळखीत अजून औरंगाबादच आहे. बदलायला दोन मिनिटं लागतील, पण दोन मिनिटं म्हणजे एक वाक्य.

वडिलांची आठवण आली. ते वैजापूरच्या तहसिलीत कारकून होते. पोलिस ॲक्शननंतर उर्दू दफ्तर मराठीत आणायचं काम जे चार-पाच कारकून करत, त्यातले ते एक. एकेका कागदाला त्यांना दोन दोन दिवस लागत असं आई सांगायची. पण त्यांचं एक सुख होतं. मूळ कागद लिहिणारा माणूस मरून गेलेला असायचा. तो उठून वाक्य बदलत नव्हता.

आजचा आकडा सहासष्ट.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

गौरीपूजन. नैवेद्याच्या वेळी मी टाइप करत होतो म्हणून अंबिका बोलली. तिनं शाळेतून दोन दिवसांची रजा काढून एकटीनं सगळा स्वयंपाक केला होता, त्यामुळे बोलण्याचा तिला हक्क होता.

संकेतस्थळाच्या भाषांतर-समन्वयकांना मुदत वाढवून मागितली होती. त्या कुठल्याशा थंड देशात राहतात. फार गोड उत्तर आलं. तुमच्या कष्टांची आम्हाला जाणीव आहे, पण नियम सगळ्या भाषांना एकच. मराठीच्या नावावर अकरा स्वयंसेवक नोंदलेले दिसतात, त्यांची मदत घ्यावी.

त्या अकरांची यादी काढली. तिघांचे पत्ते बंद. पाच जणांनी उत्तर दिलं नाही. एकानं लिहिलं, काका, मी आता रील्स करतो. एक मुकुंद. अकरावा मी.

२६ सप्टेंबर, मंगळवार

काल सत्तर झाले होते. आज उठून बघतो तर सदुसष्ट. इंग्रजी लिहिणाऱ्यांनी पहिली चार प्रकरणं पुन्हा 'सुधारली' आहेत. जी वाक्यं मी या महिन्यात नीट वाचून, घासूनपुसून दिली होती, नेमकी त्यांच्यावरच पुन्हा पिवळं. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं?

त्यांचाही राग येत नाही, हे जास्त वाईट आहे. त्यांचं वाक्य खरंच आधीपेक्षा चांगलं झालंय. ते आपलं घर आवरतात. मी त्यांच्या भिंतीला टेकून झोपडी बांधली आहे, हे त्यांच्या गावीही नसणार.

द्वारकानं विचारलं, काम कसं चाललंय. म्हटलं, जोरात.

३ ऑक्टोबर, मंगळवार

ताप. तिसरा दिवस. डॉक्टर म्हणतात डेंगी नाही, पण प्लेटलेट बघत राहू. अंबिकानं लॅपटॉप कपाटात ठेवून किल्ली शाळेत नेली. एवढंच लिहवतं.

७ ऑक्टोबर, शनिवार

ताप उतरला. आकडा बहात्तर. उरलेले दिवस तीन. वाक्यं पाचशे.

पाच प्रकरणं पुरी झाली आहेत. सहावं उघडलं आणि बारा वाक्यांत दमलो. अंबिका म्हणाली, नाही झालं तर नाही झालं, काय फाशी देणार आहेत? तिला मी द्वारकाचं सांगितलं. मराठी यादीतून गेली तर त्या पोरीला परीक्षेच्या तोंडावर एक ओळ वाचायला मिळणार नाही. अंबिकानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, तिला खरं सांगून टाका, अजून तीन आठवडे आहेत, कुणीतरी शिकवणारं बघेल ती. मी म्हणालो, वैजापुरात सीडर शिकवणारा कोण बसलाय? ती सरावाला जाते त्या क्लासमध्ये जो एक संगणक आहे त्यावर अजून तिसरी आवृत्ती चालते.

खरं कारण वेगळं होतं. तिला सांगायची मला लाज वाटत होती.

९ ऑक्टोबर, सोमवार

काय झालं ते सरळ लिहितो.

दुपारी तीनला आकडा त्र्याहत्तर होता. सहाव्या प्रकरणातली पुढची चाळीस पिवळी वाक्यं एकामागून एक तपासली. चाळीसच्या चाळीस फालतू. कुठं स्वल्पविराम, कुठं मोठं अक्षर, कुठं 'करू शकता' ऐवजी 'करता येतं' अशा धाटणीचा बदल. माझ्या मराठीला कुठंही धक्का नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात, मी तर चांगली मूठभर शितं दाबून पाहिली होती. मुकुंद बरोबर सांगत होता.

सहा, सात, आठ आणि नऊ या प्रकरणांतली पिवळी वाक्यं निवडली आणि 'मान्य' दाबलं. पिवळं गेलं. आकडा एक्याऐंशी झाला.

सगळीच निवडली असती तर नव्वदच्या पुढं गेलो असतो. तसं केलं नाही. गरजेपुरतंच घेतलं. आणि ही चार प्रकरणं मी नंतर सावकाश वाचणारच आहे, म्हणजे हे उसनं आहे, चोरी नव्हे. अंबिकाला सांगितलं, झालं. तिनं साखर ठेवली हातावर. महिन्याभरात पहिल्यांदा दुपारी आडवा झालो आणि गाढ झोप लागली.

१० ऑक्टोबर, मंगळवार

चौथी आवृत्ती जाहीर झाली. यादीत तेरा भाषा आहेत आणि त्यात नववी मराठी आहे. चारदा उघडून पाहिली.

अकरा वाजता द्वारकाचा फोन. आवाजात नुसता उत्साह. पुंजारामनं यार्डातल्या लोकांना पोथी दाखवली म्हणे, बघा, आपल्या भाषेत. मग तिनं कामाचं विचारलं. "सर, काय बदललं म्हणून एक पान हाय, ते इंग्रजीतच दिसतंय. ते वाचाया लागंल का?"

मी म्हणालो, त्याची गरज नाही. ज्यांना जुनी आवृत्ती पाठ आहे त्यांच्यासाठी ते पान असतं. तू सरळ प्रकरणं वाच, सगळं नवीन त्यातच आलंय.

"सातवा अध्याय बघितला, त्यात कायच बदल नाय वाटत. पहिल्यावानीच हाय. तो माझा पाठच हाय."

"मग चांगलंच आहे की," मी म्हणालो. "तेवढा वेळ वाचला."

१८ ऑक्टोबर, बुधवार

नवरात्रात द्वारकानं सगळी पुस्तिका हातानं उतरवून काढायला घेतली आहे. दोनशे पानी वह्या, आज चौथी भरली. लिहिलं की डोक्यात बसतं म्हणते. सारजाबाईंनी दोन्ही वेळचा स्वयंपाक आपल्याकडं घेतलाय आणि दुपारी पाठ म्हणून घेतात. त्यांना अर्थ कळत नाही, पण सूर अडखळला की थांबवतात. मी सांगितलं, एवढ्या निष्ठेनं तर माझ्या कुठल्याच विद्यार्थ्यानं अभ्यास केला नाही. ती लाजली.

मी ठरल्याप्रमाणे मान्य केलेली वाक्यं वाचायला घेतली. सहाव्या प्रकरणात दोन किरकोळ चुका सापडल्या. दुरुस्त करायला गेलो तर पानं गोठवलेली. जाहीर झालेल्या आवृत्तीत आता डिसेंबरपर्यंत काही हलवता येत नाही, दुरुस्त्या तेव्हा एकदम चढतील. मग घाई काय, असं वाटलं. महिनाभर घरातली कामं तुंबली आहेत, गॅलरीची जाळी फाटली आहे. सातवं पुढच्या आठवड्यात घेईन.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. द्वारकानं फोटो पाठवला. पाटावर सात वह्या, वर झेंडूची फुलं, बाजूला पुंजारामचा मापाचा काटा. कालपासून वह्या पूजेला ठेवल्या आहेत. परीक्षा पाच दिवसांवर असून दोन दिवस उघडल्या नाहीत. मी अंबिकाला फोटो दाखवला. ती म्हणाली, तुमच्या अक्षरांना फुलं वाहिली कुणीतरी. दिवसभर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा हिंडत होतो.

२९ ऑक्टोबर, रविवार

पेपर देऊन द्वारका थेट घरी आली. बरोबर पुंजाराम. दोघांना मी पहिल्यांदाच पाहिलं. ती ठेंगणी, चपळ, बोलताना हात हलवणारी. तो सगळा वेळ दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसून होता. शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या, त्या अंबिकानं लगेच उकडायला टाकल्या.

पेपर चांगला गेला. एकेक प्रश्न तोंडपाठ सांगत होती. अकरावा प्रश्न असा होता: गावांच्या नावांची, वैजापूरपासून सुरू होणारी एक यादी दिली आहे, तिला सॉर्ट म्हटलं, म्हणजे क्रमानं लाव म्हणून सांगितलं, आणि मग त्याच यादीतलं पहिलं नाव छापायला सांगितलं. काय छापलं जाईल? तिनं क्रमानं पहिलं येणारं नाव लिहिलं, अंधारी. बाराव्यात सबंध प्रोग्राम लिहायचा होता, तोही त्याच पायावर. दोन्ही मिळून बावीस गुण.

"बाहेर आल्यावर एक जण म्हणत व्हता, मूळ यादी तशीच राहती, पहिलं नाव वैजापूरच येणार. म्हणलं, नाय. सातवा अध्याय, तिसरा परिच्छेद." आणि तिनं हात जोडून, डोळे मिटून म्हणून दाखवलं. "यादीला सॉर्ट म्हटलं की तीच यादी क्रमानं लागते. वेगळं काही ठेवून घ्यावं लागत नाही." डोळे उघडून पुढं म्हणाली, "मग अजून दोघी जणी म्हणाल्या, मराठीतच लिहिलंय म्हणल्यावर बरोबरच असंल."

मी म्हणालो, शाबास. वाक्य माझंच होतं, चांगलं उतरलं होतं. शेंगा खाऊन, अंबिकाच्या पाया पडून ती दोघं गेली.

ती गेल्यावर सहज म्हणून सातवं प्रकरण उघडलं. तिसरा परिच्छेद. मराठीच्या वर इंग्रजी वाक्य होतं ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग ते 'काय बदललं'चं पान उघडलं. त्यात पहिल्याच मुद्द्यात ते होतं.

अंबिकाला समजावून सांगावं लागलं. म्हटलं, तू ताटात डाळ निवडतेस तेव्हा ताटातलीच डाळ स्वच्छ होते ना, तिसऱ्या आवृत्तीत तसं होतं. चौथीत ताटातली आहे तशीच राहते, निवडलेली वेगळ्या वाटीत मिळते. वाटी धरली नाहीस तर गेली.

ती म्हणाली, आणि तुमच्या पुस्तकात?

म्हटलं, ताटच.

३० ऑक्टोबर, सोमवार

मान्य केलेली सगळी पाचशे वाक्यं आज वाचून काढली. एकतीस चुकीची. चारशे एकोणसत्तर बरोबर. तंत्रनिकेतनात असे गुण मिळवणाऱ्याची मी पाठ थोपटली असती.

समन्वयकांना लिहिलं. उत्तर तासाभरात आलं: कळवल्याबद्दल आभार, डिसेंबरच्या दुरुस्तीत नक्की घेऊ. तळाशी हेही होतं, की एवढ्या कमी लोकांत उंबरठा ओलांडल्याबद्दल मराठी गटाचा वार्तापत्रात खास उल्लेख केला आहे.

कंपनीला लिहिलं. चूक उमेदवारांची नाही, अधिकृत मराठी पानावर माझ्या हातून चुकीचं छापलं गेलं, त्या दोन प्रश्नांचा फेरविचार व्हावा. तिथून दोन ओळी आल्या. परीक्षा मूळ इंग्रजी पुस्तिकेवर आधारित होती. भाषांतराची जबाबदारी आमच्याकडे नाही.

द्वारकाला फोन लावला. पहिल्या घंटेला तिनं उचलला, सर, बोला की. मी विचारलं, नीट पोचलात ना. पोचलो म्हणाली.

२ नोव्हेंबर, गुरुवार

निकाल लागला. यादीतल्या शेवटच्या नावाला एकाहत्तर गुण आहेत. द्वारकाला चौसष्ट. बावीसांतले निम्मे मिळाले असते तरी झालं असतं. हे गणित मी पाच वेळा केलं.

तिचा मेसेज आला: नाही झालं सर. तुमचे उपकार विसरणार नाही.

मी कागदावर लिहून काढलं की तिला काय सांगायचं. मग फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. उद्या.

६ नोव्हेंबर, सोमवार

अजून सांगितलेलं नाही. दिवाळी होऊन जाऊ दे असं मनात येतं, मग वाटतं बारा तारखेला तिचा वाढदिवस, त्याच्या आत सांगावं, मग वाटतं आत सांगून तरी काय हाती लागणार. पुंजारामनं मुकुंदवाडीची खोली सोडून दिली असेल. आज अंबिका शाळेतून आल्या आल्या म्हणाली, केलात फोन? मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पुढं काही विचारलं नाही. तिनं भांडावं असं फार वाटतंय.

९ नोव्हेंबर, गुरुवार

वसुबारस. आज दुपारी सांगितलं.

सगळं सांगितलं. ताप, टक्के, निवडलेली प्रकरणं, दाबलेलं बटण. म्हटलं, द्वारका, तू बरोबर पाठ केलंस. मी चुकीचं लिहून ठेवलं. न वाचता. तुझी नोकरी माझ्यामुळं गेली.

तिच्या मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "सर, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही बोलताय."

म्हटलं, नाही. सातवं प्रकरण, तिसरा परिच्छेद. ते वाक्य चूक आहे.

"थांबा," म्हणाली. फोनवर पान उघडलं असावं. "हे बघा, पानावर तसंच हाय, सर. जसंच्या तसं. वर आवृत्ती चार लिहिलंय, खाली तुमचं नाव बी हाय. हे कसं चुकंल? माझंच दुसरीकडं कुठं तरी चुकलं असंल. मी लई घाईनं लिहिलं बाराव्याचं."

मी पुन्हा सांगितलं. ते पान डिसेंबरपर्यंत बदलता येत नाही म्हणून तसं दिसतंय, हेही सांगितलं. ती हं हं करत राहिली. आजारी माणसाशी बोलावं तसं. मग तिनं फोन सासूबाईंकडं दिला.

सारजाबाईंचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. भरदार, सावकाश. "सर, तुमी कशाला वाईट वाटून घेता. तुमी चांगलं लिहून दिलं. पोरीचंच ध्यान नव्हतं शेवटाला, दसऱ्याला दोन दिस वह्या झाकून ठेवल्या तवाच मी म्हणलं व्हतं. मी बोलले तिला त्यावरून. लई रडली."

मी म्हणालो, तिला बोलू नका. चूक माझी आहे.

"व्हय व्हय," त्या म्हणाल्या. "आता शुक्रवारपास्नं पुन्यांदा पहिल्यापासून लावलंय. परीक्षा नसंना का, वाचन मोडू नाय."

शुक्रवारपासून रोज एक. मी बोटांवर मोजलं आणि म्हणालो, सारजाबाई, सातवं प्रकरण वाचू नका.

"आज सातवाच हाय," त्या म्हणाल्या. "हे काय, बसतोच आता." आणि त्यांनी फोन ठेवला.